गुजराती लग्नाचं जेवण मिठाईपासून ठरतं

नमस्कार दादा. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: तुम्ही पुण्याचे, मुलगी अहमदाबादला नोकरीला, जावई नडियादचे. लग्न फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बडोद्याच्या हॉलमध्ये, दुपारचा मुहूर्त आणि संध्याकाळी रिसेप्शन. माणसं ३५०, त्यातली २०० नडियादकडची. जेवणाची जबाबदारी तुमची. केटररने ५२ पदार्थांची यादी पाठवली आहे, आणि यातले खरे पारंपरिक गुजराती पदार्थ कोणते, किती ठेवावेत, असा तुमचा प्रश्न आहे.

मी बडोद्याची मराठी. गायकवाडांच्या काळात इकडे आलेल्या घरांपैकी आमचं एक. इथले लोक आम्हाला अजून 'दक्षिणी' म्हणतात. सासऱ्यांचा लग्नाच्या जेवणाचा व्यवसाय होता, तो मी गेली तीस वर्षं चालवते. दोन्हीकडची लग्नं केली आहेत, आणि तुमच्यासारखी अर्धी मराठी अर्धी गुजरातीही पुष्कळ केली आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

यादी मी नीट वाचली. ठेपले, हांडवो, खांडवी, दाळढोकळी, खिचडी-कढी, उंधियु, खमण, सगळं गुजरातीच आहे. पण ठेपला ही प्रवासाची शिदोरी. दाळढोकळी रविवारी दुपारी घरी करतात, हांडवो रात्रीच्या हलक्या जेवणाला. लग्नाच्या ताटात यांची जागा नाही. लग्नाच्या जेवणाला गुजरातीत 'जमणवार' म्हणतात आणि त्याची स्वतःची बांधणी असते. ५२ पदार्थांतून १५ गुजराती पदार्थ वेचून काढले म्हणून जमणवार होत नाही. एका ताटात कोण कोणाशेजारी बसतं, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मिठाईपासून सुरू होतं.

आपल्याकडे जेवण झाल्यावर 'गोड काय आहे?' असं विचारायची सवय आता लागली आहे. जमणवारात मिठाई पहिल्या वाढीला येते आणि पुरीबरोबर, भाजीबरोबर, मधे मधे खाल्ली जाते. म्हणून बाकीचं सगळं ताट तिला तोलून धरणारं लागतं. चुरम्याचे लाडू असतील तर वाल हवेतच. लाडू तुपा-गुळाने जड, आणि वालात ओवा असतो, कोकमाचा किंवा चिंचेचा आंबटपणा असतो, त्यामुळे दुसरा लाडू खाववतो. सोबत गरम भजी. मोहनथाळ (बेसनाची तुपातली वडी) असेल तर फूलवडी, म्हणजे जाड बेसनाचं तळलेलं फरसाण, आणि बटाट्याची रसदार भाजी. श्रीखंड असेल तर पुरी, बटाट्याची सुकी भाजी आणि खमण, आणि मग आमटीऐवजी कढीही चालते. मी गिऱ्हाइकाशी बोलायला बसते तेव्हा पहिला अर्धा तास फक्त मिठाईवर जातो. ती ठरली की निम्मं जेवण आपोआप ठरतं.

आता यात तुमच्या व्याह्यांचं घर कोणतं, यावर बरंच अवलंबून आहे. नडियाद म्हणजे मध्य गुजरातचा चरोतर भाग, पण पटेलांच्या घरचं जेवण वेगळं, नागरांचं वेगळं, वाण्यांचं वेगळं. सुरतेकडचे असते तर मी वेगळं सांगितलं असतं, काठियावाडचे असते तर आणखी वेगळं. म्हणून केटररशी बोलण्याआधी विहीणबाईंना फोन करा आणि एवढंच विचारा, 'तुमच्याकडे जुन्या लग्नांत कोणती मिठाई असायची?' त्या घरातलं वातावरण त्या एका प्रश्नाने बदलेल. ज्या घरात मुलगी द्यायची तिथल्या आजीच्या आठवणीतलं ताट आपण मांडतोय, हे त्यांना कळतं.

त्यांनी तुमच्यावर सोडलं तर माझं मत मोहनथाळाला. फेब्रुवारीत आमरस मागूच नका. तेव्हा केशर आंबा नसतो, हापूसही बाजारात सर्रास नसतो, ताटात येतो तो डब्यातला रस. मोहनथाळ दोन दिवस आधी होतो, आठ-दहा दिवस टिकतो आणि लग्नाच्या सकाळी एक कढई मोकळी राहते. गुजरातेत त्याचा मानही मोठा. अंबाजीच्या देवळात मोहनथाळाचाच प्रसाद असतो. २०२३ च्या मार्चमध्ये त्याजागी चिक्की सुरू केली तेव्हा भक्तांनी एवढा विरोध केला की मोहनथाळ परत आणावा लागला.

केटररला विचारा, 'ढाबो देऊन करता ना?' तो हसून हो म्हणाला तर माणूस जाणकार आहे. ढाबो म्हणजे असं: करकरीत बेसन घ्यायचं, लाडवाचं. त्यात कोमट दूध आणि पातळ तूप घालून दोन्ही तळव्यांनी चोळायचं, दाबून अर्धा तास ठेवायचं, मग मोठ्या भोकांच्या चाळणीतून घासून काढायचं. त्याचे रव्यासारखे दाणे पडतात. ते मंद आचेवर तुपात बदामी होईपर्यंत भाजायचे. तूप कडेने सुटायला लागलं की दुधाचा एक हबका मारायचा. त्या क्षणी कढईत फसफस होते, दाणा फुलतो आणि वास असा सुटतो की मांडवातली माणसं वळून बघतात. मग दीड तारी पाक, वेलची, जायफळ. पाक कच्चा राहिला तर वडी बसत नाही, पुढे गेला तर दगड होतो. ढाबो न देता केलेला मोहनथाळ जिभेवर पिठूळ लागतो. तो फक्त गोड बेसन असतं.

फरसाण दोन पुरेत, एक वाफवलेलं आणि एक तळलेलं. वाफवलेल्यात खमण किंवा पातरां. आपण सगळ्यालाच ढोकळा म्हणतो, पण पिवळं खमण हरभऱ्याच्या डाळीचं, आणि ढोकळा तांदूळ-डाळ आंबवून केलेला, पांढरट. खमण ठेवणार असाल तर डाळ भिजवून वाटून केलेलं मागा, 'वाटी दाळनां खमण'. बेसनात सोडा आणि लिंबूसत्त्व घालून केलेलं नायलॉन खमण गरम असताना छान लागतं, पण पंगत लांबली की कोरडं पडून घशात अडकतं. पातरां म्हणजे आपली अळूवडीच. फक्त इथे लग्नात ती तळत नाहीत, उकडून कापतात आणि मोहरी-तिळाच्या फोडणीत परततात. तुमच्याकडच्या पाहुण्यांना ती ओळखीची वाटेल, म्हणून मी पातरांच ठेवली असती.

तळलेल्यात लीलवानी कचोरी. ओल्या तुरीचे दाणे भरडून, आलं, मिरची, तीळ, कोथिंबीर, लिंबू-साखर घालून केलेलं सारण. हा हंगाम त्याचाच. पण ती कढईतून पानात आली पाहिजे. झाकणाच्या भांड्यात वीस मिनिटं बसलेली कचोरी वाफेने मऊ पडते. केटररकडून वचन घ्या की काउंटरच्या मागे कढई चालू राहील. तेल कोणतं तेही विचारा. इथे फरसाणाला जुन्या लोकांची जीभ सिंगतेलाची, म्हणजे शेंगदाण्याच्या तेलाची.

भाज्यांमध्ये उंधियु ठेवायचा तर दुपारीच ठेवा, रात्री तो जड पडतो. उंधियु असेल तर वाल वगळा, पापडी म्हणजे वालाच्या शेंगा त्यात आहेतच. एक सूचना, कारण यावरून एकदा एका पुणेकर पाहुण्यांचा आणि माझ्या माणसाचा चांगला गोंधळ झाला होता. गुजरातीत 'रताळू' म्हणजे जांभळं कोनफळ. आपलं रताळं इथे 'शक्करिया'. बाजारहाट तुमच्यापैकी कोणी करणार असेल तर लक्षात ठेवा. दुसरी भाजी बटाट्याची रसदार. सोबत कोबी-मिरचीचा अर्धकच्चा संभारो, राईच्या डाळीत मुरवलेल्या मिरच्या (त्यांना 'रायतां मरचां' म्हणतात, थंडीत करतात), कचुंबर, पापड. पुरी असतेच. वयस्कर माणसांसाठी मऊ फुलका जरूर ठेवा, तो कोणी यादीत लिहीत नाही आणि सगळ्यात आधी संपतो.

आता आमटी. गुजरातीत म्हण आहे, 'जेनी दाळ बगडी एनो दिवस बगड्यो, जेनुं अथाणुं बगड्युं एनुं वरस बगड्युं'. दाळ बिघडली त्याचा दिवस बिघडला, लोणचं बिघडलं त्याचं वर्ष. लग्नातल्या दाळीला वेगळं नाव आहे, 'वरानी दाळ'. वरो म्हणजे लग्नकार्याचं जेवण. घरची रोजची दाळ आणि ही दाळ यांत साहित्याचा फरक थोडा आहे, उकळण्याचा फार मोठा आहे.

मी १०० माणसांना ४ किलो तूरडाळ घेते. ती इतकी शिजवायची की रवीने घुसळल्यावर कण राहू नये, मग गाळून पाणी घालत २५ लिटरच्या आसपास न्यायची. सुरणाच्या फोडी, शेंगदाणे, खारकेचे तुकडे, आलं, हिरवी मिरची, कढीपत्ता. साधारण सव्वा किलो गूळ आणि कोकम. फोडणीत मोहरी, मेथीदाणे, जिरं, लवंग, दालचिनी, सुकी मिरची, हिंग. आणि मग एक ते दीड तास मंद उकळी. इथेच लोक घाई करतात. मला ज्या महाराजांनी, म्हणजे आचाऱ्यांनी, शिकवलं ते राजस्थानचे होते, आमच्याकडचे कितीतरी महाराज तिकडचेच. ते दाळ चाखायचे नाहीत, ओगराळं भरून वर उचलायचे आणि धार बघायचे. धारेत पाणी वेगळं आणि गर वेगळा दिसला की, 'अजून नाही.' दोन्ही एकजीव झाले आणि पातेल्याच्या कडेला तपकिरी रेघ धरली की झाली. तोवर खारीक फुगून मऊ झालेली असते, गूळ-कोकम एकमेकांत मुरलेले असतात, आणि गोड आधी की आंबट आधी हे जिभेला सांगता येत नाही. केटररला सांगा की दाळ मुहूर्ताच्या तीन तास आधी चुलीवर चढली पाहिजे. बाकी कुठे तडजोड करा, इथे करू नका.

खाण्याच्या नियमांचा भाग तुम्ही प्रश्नात एका ओळीत लिहिलाय, की आजेसासूबाई स्वामिनारायण संप्रदायाच्या आहेत आणि काही नातेवाईक जैन. तो एका ओळीचा नाही. या संप्रदायाचं मोठं पीठ वडताल नडियादच्या जवळच आहे, त्यामुळे त्या बाजूने स्वामिनारायण मानणारी माणसं तुमच्या अंदाजापेक्षा जास्त निघतील. ते कांदा-लसूण खात नाहीत आणि हिंगही खात नाहीत. वैष्णवांना कांदा-लसूण नको. जैनांना जमिनीखालचं काहीच नको, म्हणजे बटाटा, सुरण, कोनफळ, ओलं आलंसुद्धा. काटेकोर पाळणारे वांगंही टाळतात, आणि कच्च्या दह्याबरोबर डाळ-बेसन खात नाहीत. दहीवडा म्हणून बाद, आणि कढी करायची तर ताक आधी तापवून मग बेसन लावायचं.

ऐकायला किचकट वाटतं. मी ते असं सोपं करते. सगळं जेवण बिनाकांदा-लसणाचं. उंधियुतली ओली लसूणपात गेली तरी चव जात नाही. त्याशिवाय प्रत्येक मुख्य पदार्थाचं एक लहान पातेलं वेगळं, ज्यात कंदमूळ नाही, आलं नाही, हिंगही नाही. दाळीत सुरण नाही आणि आल्याच्या जागी सुंठ, बटाट्याच्या जागी कच्ची केळी. हे एकच पातेलं जैनांनाही चालतं आणि स्वामिनारायणवाल्यांनाही. ३५० माणसांत साधारण ६० जणांपुरतं. त्याचं ओगराळं वेगळं, वाढणारा माणूस वेगळा, आणि त्या माणसाला पाठ हवं की आत काय आहे आणि काय नाही. 'बहुतेक नसेल' असं उत्तर ऐकलं की तो पाहुणा उपाशी उठतो.

यात माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचं रिसेप्शन, जैन स्वयंपाक अगदी काटेकोर केलेला. जेवण सुरू केलं साडेसातला. कोपऱ्यात तीस-पस्तीस वयस्कर माणसं शांत बसून होती. मी स्वतः बोलवायला गेले तर एक आजी हात जोडून म्हणाल्या, 'बेन, सूर्य आथम्यो.' सूर्य मावळला. त्यांना चोविहार होता, सूर्यास्तानंतर पाणीही नाही. त्यातले कितीतरी जण दूरवरून आले होते आणि दुपारपासून काही खाल्लेलं नव्हतं. त्या आजींचा चेहरा मला अजून दिसतो. तेव्हापासून जैन पाहुणे असले की मी एक टेबल पाच वाजता उघडते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला इथे सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे सहाला त्यांची पानं वाढलेली हवीत. रिसेप्शनच्या पत्रिकेवर ही वेळ छापा. तारखेला एकादशी येते का तेही पंचांगात बघून घ्या. आली तर आजेसासूबाईंसाठी फराळी ताट लागेल.

तुमच्या पुण्याच्या दीडशे माणसांचा विचार आता. त्यांची अडचण तिखटाची नसते, भाताची असते. आपल्या पानात वरण-भात आधी येतो. जमणवारात दाळ-भात शेवटी, पुरी-मिठाई झाल्यावर. आपली माणसं अर्धं जेवण भाताची वाट बघत काढतात आणि तो आला की पोट भरलेलं असतं. मी अशा लग्नात भात आणि साधं वरण, तूप-लिंबासह, पहिल्यापासून वेगळ्या जागी ठेवते. दाळ गोड असते हे आपल्या नातेवाइकांना आधी सांगून ठेवा, म्हणजे पहिल्या घोटाला दचकणार नाहीत. लसूण न घालता केलेला हिरव्या मिरचीचा ठेचाही ठेवा, तो दोन्हीकडचे खातात.

प्रमाणं केटरर सांगेलच, पण ताडून बघायला माझे आकडे देते. गुजराती पाहुण्यांना मी १०० माणसांमागे ५ किलो तांदूळ धरते, मराठी पाहुण्यांना ७. तुमच्या हिशेबाने २० किलोच्या थोडं वर. पुऱ्या माणशी सहा, १०० माणसांना ८ किलो कणीक. मोहनथाळ माणशी ८० ग्रॅम, म्हणजे दोन वड्या. उंधियु दीडशे ग्रॅम. ताक माणशी एक पेला, २०० मिली. पदार्थ वाढले की प्रत्येकाचं प्रमाण कमी होतं, असं केटरर सांगतो. कागदावर ते खरं आहे. प्रत्यक्षात ५२ पदार्थांत माणूस सगळ्याचा एकेक घास घेतो आणि उरलेलं टाकतो. मी सांगितलेल्या ताटात चटणी-पापड धरून १६-१७ पदार्थ होतात आणि पानं रिकामी परत येतात.

जमलं तर सगळ्यांसाठी बुफे ठेवून वरपक्षाची निदान एक पंगत बसवा. चाळीस-पन्नास माणसं. जमणवारात आग्रह हा पदार्थाइतकाच महत्त्वाचा. त्या पंगतीत मोहनथाळाचं ताट घेऊन वाढप्याला पाठवू नका, तुम्ही आणि वहिनी फिरा. व्याह्यांच्या तोंडात पहिला तुकडा तुमच्या हाताने द्या. ते तुम्हाला भरवतील, नको म्हणू नका. याला इकडे 'मोढुं मीठुं कराववुं' म्हणतात, आणि लग्नातल्या लहानमोठ्या कुरबुरी बहुतेक वेळा तिथेच संपतात.

शेवटचं, जे केटररच्या यादीत कधीच नसतं: कंसार. फेरे झाल्यावर मांडवात मुलीची आई नवरानवरीला कंसार वाढते आणि ती दोघं एकमेकांना भरवतात. जाडसर कणीक गुळाच्या उकळत्या पाण्यात शिजवून मोकळी करायची, वर तूप. पाव किलो कणीक पुष्कळ झाली. केटरर करून देईल, पण वहिनींना सांगा की त्या दिवशी सकाळी हॉलच्या स्वयंपाकघरात येऊन स्वतः ढवळावा. वीस मिनिटांचं काम आहे. मी माझ्या भटारखान्यात त्यासाठी एक लहान पातेलं आणि एक शेगडी नेहमी बाजूला ठेवते. तुमच्या केटररलाही तसं आजच सांगून ठेवा, कारण ऐन वेळी सगळ्या शेगड्या पुऱ्यांनी अडवलेल्या असतात.